पुढची ओळ

गुरुवार, १९ नोव्हेंबर

ती. वहिनी,

नमस्कार. मी बरा आहे. खोकला अजून पाठ सोडत नाही, पण जेवणखाण वेळेवर होतं. छोटीची परीक्षा संपली असेल. तिला सांगा, निकाल सगळ्यांत आधी काकाला कळवायचा. तुमचा गुडघा कसा आहे? जिना दिवसातून एकदाच चढत जा.

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. दादाच्या स्मृतीच्या दगडावर कोरायला त्याची आवडती ओळ मूळ हिब्रूत लिहून पाठवा, पाथरवट खोळंबला आहे, असं तिन्हींत आहे. 'चार शब्दांचं काम, भाऊजी एवढे कशात गुंतलेत?' असं तुम्ही विचारलंत. गुंतलो नव्हतो. रोज कागद काढत होतो आणि परत ठेवत होतो.

दादा रविवारी माझ्याकडे यायचा, हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही काय बोलायचो ते त्याने कदाचित सांगितलं नसेल. खुर्ची उलटी करून बसायचा आणि म्हणायचा, "हं पंडित, आज कुठलं झाड?" सातवीत शाळा सोडून उद्यान खात्यात लागला, का तर मला शिकता यावं. "मी झाडावर चढलो म्हणून हा ग्रंथावर चढला," असं चारचौघांत हसत सांगायचा. तेव्हा मला लाज वाटायची. हेही आज लिहून टाकतो.

त्याला प्राचीन हिब्रू ग्रंथातल्या झाडांचं भारी वेड. एकदा मी झाडांनी राजा निवडायला निघाल्याची गोष्ट सांगितली. ऑलिव्ह नको म्हणालं, अंजीर नको म्हणालं, द्राक्षवेल नको म्हणाली, शेवटी काटेरी झुडूप तयार झालं. दादाने मांडीवर थाप मारली. "म्हणजे आमच्या खात्यातली बढती!" बदाम आणि 'जागं राहणं' हे त्या भाषेत एकाच धातूतले शब्द, कारण थंडी सरताना बदाम सगळ्यांआधी फुलतो, हे ऐकून म्हणाला, "त्या लोकांना झाडं माहीत होती रे."

एका रविवारी मी त्या संदेष्ट्याची गोष्ट सांगत होतो, जो रानात रोतेमच्या झुडपाखाली आडवा झाला आणि 'पुरे आता, माझा जीव घे' म्हणाला. मी प्रतीकांचा अर्थ लावत बसलो होतो. दादाने मध्येच विचारलं, "ते झुडूप केवढं असतं?"

"फार तर पुरुषभर."

"आणि पानं?"

"जवळजवळ नाहीतच."

मग म्हणाला, "तसल्या सावलीलासुद्धा जो आडवा होतो, तो फार दमलेला असणार." बावीस वर्षं तो भाग शिकवतो आहे, पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता वाळुंजाच्या झाडाचं लिहायला हवं.

आमच्या संस्थेच्या अंगणातलं ते वाळुंज माझ्या खिडकीसमोर होतं. मी त्याच्याखाली वर्ग घ्यायचो. कैद करून नेलेल्या लोकांनी परक्या नदीकाठी वाळुंजांवर आपली वाद्यं टांगून ठेवली, हे शिकवताना मी हात वर करायचा आणि सगळ्या विद्यार्थ्यांनी वर बघायचं. मला ते फार आवडायचं. मार्चमध्ये दादा तपासणीला आला. खोडाला कान लावून लाकडी मोगरीने ठोकलं आणि पिवळ्या रंगाची फुली मारली. "आतून पोकळ आहे. नुसतं सवयीने उभं आहे."

मी चिडलो. झाडं तोडायची तुम्हाला खाजच असते, असंही बोललो. तो हसला. तेव्हा मी माझं हत्यार काढलं. त्याला सांगितलं, ग्रंथात आज्ञा आहे : एखाद्या गावाला वेढा घातलास, तरी तिथल्या झाडांवर कुऱ्हाड चालवू नकोस, कारण माणूस म्हणजे रानातलं झाड.

"असं लिहिलंय?"

"असंच."

"परत म्हण."

मी मूळ चार शब्द म्हणून दाखवले; तुम्ही दगडासाठी मागितलीत ती हीच ओळ. त्याने फडक्यावर रॉकेल ओतलं आणि स्वतःची फुली स्वतः पुसली. "मग पाडायचं नाही. फांद्या हलक्या करू. ओझं उतरलं की तग धरेल."

शिडीची गाडी खातं फक्त झाड पाडायला देतं. म्हणून तो सुट्टीच्या दिवशी दोर घेऊन स्वतः चढला, चौपन्नाव्या वर्षी. मी खिडकीतून बघत होतो. दोन फांद्या अलगद उतरल्या. तिसरीच्या वेळी बेचकंच फाटलं.

इथवर तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं नाही.

ती आज्ञा फळझाडांबद्दल आहे, वहिनी. अगदी पुढच्याच ओळीत म्हटलं आहे की जे झाड खाण्याच्या उपयोगाचं नाही, ते खुशाल तोड. वाळुंजाला कसलं आलंय फळ? आणि 'माणूस म्हणजे झाड' हासुद्धा बऱ्याच जाणकारांच्या मते प्रश्न आहे. झाड काय माणूस आहे, की तू त्याला वेढा घालावास? जुन्या लिखाणात प्रश्नचिन्ह नसतं. हे दोन्ही मी दरवर्षी शिकवतो, परीक्षेत विचारतो. विसरलो नव्हतो. त्या दिवशी मला माझ्या खिडकीवरची सावली हवी होती.

आणखी एक आहे. दुसऱ्या दिवशी इस्पितळात तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात, तेव्हा दादाने डोळे उघडले. "पंडित, त्या ओळीच्या पुढे काय आहे रे?" त्याला काही उमगलं होतं, की त्याने सहज विचारलं, मला कळत नाही. आठ महिने तेच उकरतो आहे. मी म्हटलं, "तिथेच संपतं, दादा."

तो "बरं" म्हणाला. तुम्ही वर आलात तेव्हा त्याची शुद्ध गेलेली होती.

संस्थेने ते झाड तासाभरात कापून नेलं. तीन आठवड्यांत बुंध्याला कोंब फुटले. सर्वस्व गेलेला एक माणूस त्याच ग्रंथात म्हणतो, तोडलेल्या झाडाला आशा असते, नुसत्या पाण्याच्या वासाने ते पालवतं. माणूस मात्र आडवा झाला की उठत नाही. मी जाऊन ते कोंब खुडतो. ते परत येतात. शिपाई बघत असतो.

'कर्मचाऱ्याने स्वतःच्या मर्जीने खूण पुसली' असं खात्याच्या अहवालात आलं. त्याची प्रत तुमच्याकडेही आली आहे. ते वाक्य मी इतके महिने तुमच्या घरात राहू दिलं. सोमवारी जाऊन लेखी जबाब दिला. तिथले साहेब भले होते. वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, फाइल कधीच बंद झाली. आणि खूण पुसली तर त्यांनीच ना?"

"माझ्या सांगण्यावरून."

"सांगणाऱ्यासाठी आमच्याकडे जागा नाही हो." त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला.

तो सोबत जोडला आहे. कुठे चालणार नाही. छोटी मोठी झाली की तिला वाचायला द्या. तिचा बाप बेफिकीर नव्हता. त्याने भावावर विश्वास ठेवला.

दगडासाठी ओळ पाठवत नाही. पाथरवटाला नुसतं नाव कोरू दे. दगड बसवायला मी येणार नाही, वाट पाहू नका.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्हाला 'देते' नाहीतर 'देत नाही' म्हणावं लागेल. तेवढंही ओझं आता तुमच्यावर नको.

'तुमचा भाऊजी' लिहायला हात धजत नाही. जे खोडता येत नाही तेवढंच लिहितो.

दादाचा धाकटा