खुंटी रिकामी म्हणजे माणूस आत

४ नोव्हेंबर

जाकीट मिळालं. खांदे माझ्या दीडपट माणसाचे. पाठीवर 'स्वयंसेवक' छापलंय, त्यातला शेवटचा 'क' माझ्या काखेत. जन्मभर लोकांना मापात बसवलं आणि आता हे ध्यान अंगावर! संध्याकाळी बसून दोन्ही बाजू उसवल्या, आत घेतल्या. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी; रिकामा शिंपी सरकारी जाकीट उसवतो.

ही गेली आणि वर्षभरात मी दुकान बंद केलं. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, घरात भिंतींशी बोलत बसू नका, कशात तरी मन रमवा." आमच्याकडे या, असं काही म्हणाला नाही. मग पेपरात जाहिरात दिसली — राष्ट्रीय उद्यानाच्या देखभालीला मदतनीस हवेत, पगार नाही, खोली मिळेल. आलो. खोलीत एक कॉट, एक खिडकी, खिडकीबाहेर झाडंच झाडं. भिंती इथेही आहेतच.

५ नोव्हेंबर

फाटकाजवळच्या चौकीत भिंतीवर मोठी फळी आहे. तिच्यावर ओळीने खुंट्या, प्रत्येक खुंटीला नंबर घातलेला पितळी बिल्ला. जंगलात शिरताना आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, बाहेर आल्यावर पुन्हा लावायचा. पाहुण्यांच्या ओळी वर, आमची खाली. संध्याकाळी फळी भरली की फाटक बंद.

हे समजावलं ते शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या बाईंनी. गळ्यात अजून शिट्टी! मागे सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात, समोर नुसतं बाई. त्याही आमच्यासारख्याच बिनपगारी, पण इथे बऱ्याच जुन्या. म्हणाल्या, "खुंटी रिकामी म्हणजे माणूस आत. ज्याला रिकामी दिसेल त्याने शोधायला निघायचं, दुसऱ्याला सांगत बसायचं नाही. कळलं?" कळलं म्हणालो. "मोठ्याने." मोठ्याने म्हणालो. साठी उलटलेल्या माणसाला हे!

त्यांचा नऊ नंबर. माझा सतरा.

९ नोव्हेंबर

टेकडीच्या वाटेवरचे पिवळे बाण पुन्हा रंगवले. पावसापाण्याने पुसट झालेत, लोक वाट चुकतात. हातात ब्रश धरला की बरं वाटतं, खडूने कापडावर रेघ मारल्यासारखं. एका बाणाचं टोक जरा डावीकडे गेलं. पुसून पुन्हा काढलं. कोण बघणार होतं? पण मला दिसलं असतं.

दिवसभरात कुणी बोललं नाही. खोलीवर आलो, बूट काढले आणि म्हणालो, "चहा टाक गं." मोठ्याने म्हणालो. मग मीच टाकला.

१२ नोव्हेंबर

मुलाचा फोन. "सगळं ठीक ना बाबा? बरं, ठेवतो." माझा 'हो' त्याला ऐकू गेला की नाही कोण जाणे.

१५ नोव्हेंबर

आज बाईंबरोबर तळ्याकाठी तण उपटायचं काम. हे तण बाहेरून आलंय, इथल्या गवताला जगू देत नाही, म्हणून मुळासकट काढायचं. मी उपटलेल्या जुड्या ओळीत लावत गेलो. बाई थांबून बघत होत्या. "अहो शिंपीबुवा, कचरा आहे तो. शिवायचा नाहीये." मला हसू आलं. किती दिवसांनी!

दुपारी त्यांनी थर्मासच्या झाकणातून चहा दिला. त्यांच्या जाकिटाची बाही काखेत उसवली होती. दिसत होतं, राहवेना. खिशात सुई-दोरा असतोच. "काढा." "कशाला?" "काढा म्हणतो." त्या गारठत बसल्या, मी शिवत बसलो. लग्न केलं नाही त्यांनी. म्हणाल्या, "मी कुणाची वाट बघत नाही आणि माझी कुणी बघत नाही. सुटसुटीत." मी म्हणालो, "खरंय." खोटं बोललो. त्याही खोटं बोलत असाव्यात, पण मला काय कळतंय. दुहेरी टाका घातला.

१६ नोव्हेंबर

पाऊस. काम नाही. बोलणं नाही.

१९ नोव्हेंबर

फळी भरायची पाळी माझी होती. शाळेची सहल येऊन गेली, मास्तरांनी बिल्ले मोजून दिले. एक नवरा-बायको उशिरा आले. तो तिच्यावर चिडलेला, ती त्याच्यावर, पण दोघांनी बिल्ले शेजारीशेजारीच लावले. शेवटी माझा लावला. लावताना मनात आलं, हा नाही लावला तर?

म्हणजे समजा नाही लावला. कुणाच्या नजरेला येईल का सतरा नंबर? मुलाला चार दिवसांनी कळेल. फाटकावरच्या दरवानाला कदाचित पगाराच्या दिवशी — पण मला पगारच नाही, म्हणजे त्यालाही कळायचं नाही!

असले विचार येऊ नयेत. आले. या पानापासून लपवून काय करू? मला कुणीतरी शोधायला यावंसं वाटतं. एवढंच.

२२ नोव्हेंबर

आज बिल्ला लावला नाही. विसरलो नाही. बघू.

२३ नोव्हेंबर

काल घडलं ते लिहितो.

काल मागच्या पायवाटेने गुपचूप खोलीवर आलो. दिवा लावला नाही. बिल्ला मुठीत धरून कॉटवर बसलो. लपाछपीत चांगली जागा सापडल्यावर पोरं बसतात तसा. ऊन उतरलं. कुणी दार वाजवलं नाही. मनात म्हटलं, घे, मिळालं उत्तर. गंमत म्हणजे जरा समाधानही वाटलं, की मी म्हणत होतो तेच खरं निघालं.

तेवढ्यात तळ्याच्या बाजूने शिट्टी ऐकू आली. वाटलं, बाई पाहुण्यांना हाकताहेत. पुन्हा वाजली. मग थांबून थांबून, एकाच जागेवरून. मी कॉटवरून उठलो. पाहुणे केव्हाच गेले होते. आत कुणीच नव्हतं. आत होतो तो मी — फळीच्या हिशेबाने!

धावलो. वाटेत दरवान भेटला, तोही आवाजाच्या रोखाने निघालेला. म्हणाला, "बाई कधीच्या गेल्यात. थांबा म्हटलं, माणसं जमवतो, तर ऐकतील तर शपथ." तळ्याच्या उतारावर, ओल्या दगडांपाशी त्या बसल्या होत्या. गुडघा वाकडा. शिट्टी तोंडात. मी जंगलातून नाही, खोल्यांकडून आलो हे त्यांनी पाहिलं.

"कुठे होतात?"

"खोलीवर."

"आणि बिल्ला?"

मी मूठ उघडली. त्यांनी बिल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दरवानाने आणि मी आधार देऊन त्यांना आणलं, सबंध वाट त्या बोलल्या नाहीत. कानाखाली वाजवली असती तर सोपं गेलं असतं.

हवं होतं ते मिळालं. कुणीतरी शोधायला आलं. आणि मी त्या माणसाचा पाय मोडला.

२५ नोव्हेंबर

हाड मोडलेलं नाही, पण गुडघ्याच्या आतलं काहीतरी फाटलंय. डॉक्टर म्हणाले, चढउतार बंद. म्हणजे जंगल बंद. म्हणजे बाई इथून जाणार.

त्यांनी उद्यानाच्या साहेबांना सांगितलं, "पाय घसरला. माझंच लक्ष नव्हतं." माझं नावही काढलं नाही. मग मीच साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. साहेब माझ्या मुलापेक्षा लहान. "काका, या वयात..." एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. जा म्हणाले नाहीत. राहा असंही म्हणाले नाहीत.

२८ नोव्हेंबर

धीर करून बाईंच्या खोलीवर गेलो. पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. जाकीट खुर्चीवर, मी शिवलेली बाही वर. मी दारातच उभा. पाठ करून गेलो होतो ते सगळे शब्द पळाले.

त्याच म्हणाल्या, "शोधायला यावं असं वाटत होतं तर तोंडाने सांगायचं. आले असते."

"असं सांगता येतं का, बाई?"

त्या जाकिटाकडे बघत राहिल्या. "नाही येत," म्हणाल्या. "मलाही नाही येत."

मग म्हणाल्या, "उभे काय राहिलात? चहा टाका." टाकला. साखर जास्त पडली. प्यायल्या.

३० नोव्हेंबर

पडलेल्या झाडाच्या फांद्या तोडून वाट मोकळी केली. बरोबर दोघं नवे होते, सारखे आपसात हसत. माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण दिवस सरता सरेना. बिल्ला मात्र सगळ्यांच्या आधी लावला.

२ डिसेंबर

बाई गेल्या. भावाकडे राहणार आता. भाची गाडी घेऊन आली होती. सामान थोडंसंच. निघताना म्हणाल्या, "चौकीत दोन मिनिटं जाऊन येते, एकटी." काठी टेकत गेल्या. मी बाहेर उभा राहिलो. बाहेरून त्यांची पाठच दिसत होती, फळीकडे तोंड केलेली. इतकी वर्षं रोज संध्याकाळी तिच्यापुढे उभ्या राहिल्या. निरोप घेत असतील असं वाटलं.

गाडीत बसल्यावर भाचीला म्हणाल्या, "स्टेशनासमोर औषधांचं दुकान आहे ना, त्याच्या वरच घर." भाची म्हणाली, "आत्या, मी तिथूनच आलेय." तरी पुन्हा एकदा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. वय झालं की होतं असं.

मला बोलायचं होतं खूप. बोललो काय, तर "बाही पुन्हा उसवली तर..." त्या म्हणाल्या, "नाही उसवायची. पक्की आहे." गाडी वळली आणि गेली. मी फाटक धरून उभा. इतकं एकटं मला ही गेली त्या दिवसानंतर कधी वाटलं नव्हतं. आणि हे सगळं माझ्याच हाताने!

संध्याकाळची फळी दरवानाला बघायला सांगितली. मला चौकीत जाववेना.

३ डिसेंबर

सकाळी चौकी उघडली. नऊ नंबरची खुंटी रिकामी!

दरवान म्हणाला, "कालच बघितलं मी. चुकून बरोबर नेला असेल बाईंनी. टपालाने मागवू." बाई आणि चुकून!

खुंटी रिकामी म्हणजे माणूस आत. ज्याला रिकामी दिसेल त्याने निघायचं, दुसऱ्याला सांगत बसायचं नाही. मी दरवानाला काही सांगितलं नाही. माझा सतरा नंबर खुंटीला नीट लावलाय, मला कुणी शोधत बसायला नको. सुई-दोरा खिशात आहे. स्टेशनासमोर, औषधांच्या दुकानाच्या वर. निघतो.