शालूचा गजरा

२ एप्रिल
आज तीर्थपुरीला पोचले. हसनाबादहून निघताना आईने बांधून दिलेल्या दशम्या जालन्याच्या स्टँडवरच संपल्या. ज्यांच्याकडे काम शिकायचंय त्या रजनीताई स्वतः न्यायला आल्या होत्या. त्यांचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. लग्नातले हार, बारशाची फुलं लोक आणून देतात. ताई ती दाबून, वाळवून फ्रेममध्ये बसवतात. मला मागची खोली मिळाली. खिडकीशी कडुनिंब, मस्त सावली. नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तेवढं जपून वापर, म्हणाल्या. इथे करमेल मला.

५ एप्रिल
काम हाताला बसतंय. दोन जाड फळ्या, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. मधे टीपकागद, टीपकागदात फूल. रोज कागद बदलायचे आणि स्क्रू थोडे आणखी आवळायचे. फुलातलं सगळं पाणी निघायला हवं, नाहीतर काचेमागे बुरशी धरते. ताई म्हणाल्या, आवळताना कचरू नकोस.

९ एप्रिल
दुपारी तुळजाबाई नावाच्या बाई आल्या. शेतकऱ्याघरच्या, पन्नाशीच्या, पाय धुळीने माखलेले. पदराच्या गाठीतून त्यांनी मोगऱ्याचा गजरा काढला. त्यांची लेक शालू काल सासरच्या विहिरीत बुडून गेली. चिता पेटवायच्या आधी त्यांनी तिच्या केसांतून तो सोडवून घेतला होता. आसपासच्या विहिरी आटल्यात, त्या एकीलाच पुरुषभर पाणी होतं. सासरचे म्हणतात, पाय घसरला.

तुळजाबाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाण्याला लई भ्यायची वो ती. हिरीच्या काठालाबी जात नव्हती." मग माझा हात धरून म्हणाल्या, "बराबर ठिव, बाई. माझ्यापाशी तिचं दुसरं काहीच न्हाई."

ताईंनी हे काम माझ्याकडेच दिलं. मी जीव लावून करणार आहे.

१० एप्रिल
कागद चिंब भिजले होते. फुलं ताजी असली की पहिल्या दिवशी असं होतं, ताई म्हणाल्या. बदलले. आवळले.

१३ एप्रिल
आजही चिंब. मोगरा दाबला की दुसऱ्याच दिवशी चहाच्या रंगाचा होतो. हा पांढराशुभ्र आहे. पाण्याला शेवाळाचा वास येतोय. आज एका कागदाला लांब केस चिकटलेला निघाला. तुळजाबाईंना तेवढीच आठवण म्हणून पुडीत ठेवला. संध्याकाळी पुडी भिजलेली होती.

ताई म्हणाल्या, परत देऊन टाकू. मीच नको म्हटलं. त्या बाईंना काय सांगणार? स्क्रू फिरतील तेवढे आवळले.

१६ एप्रिल
शालूचा नवरा आला होता, अंगद. गजरा आमच्या घरचा आहे, परत द्या, म्हणत होता. ज्यांनी दिला त्यांनाच देऊ, असं ताईंनी सांगितलं. तो थेट टेबलाशी आला आणि फळीवर हात ठेवला. फळ्यांमधून पाणी वर आलं. त्याच्या बोटांवरून वाहिलं. मी पाहिलं, ताईंनीही पाहिलं. तो मागे सरकला आणि हात पँटीला पुसत राहिला, कितीतरी वेळ. मग निघाला. मोटारसायकल दारातच राहिली, चालत गेला.

१८ एप्रिल
अंगद मेला. ताई बाजारातून ऐकून आल्या. काल भरदुपारी अंगणातल्या बाजेवर सापडला. अंगावरचे कपडे कोरडे, बाज कोरडी. कुशीवर वळवला तर तोंडातून पाणी आलं, थांबेचना. मरायच्या आधी तो आईला एकच सांगत होता म्हणे: मी फक्त दाबून धरलं होतं.

आता तरी तिला शांती मिळेल. ताईही तेच म्हणाल्या.

१९ एप्रिल
कागद ओले.

आत्ता लक्षात आलं. त्याने तिला एकदा दाबून धरलं. मी दहा दिवस रोज—

स्क्रू सोडवायला गेले. फिरत नाहीत. ताईंनी पाना लावून पाहिला. एकही नाही.

२० एप्रिल
छातीवर ओझं आहे. श्वास अर्ध्यातच अडतो. बोटांची टोकं सुरकुतलीत, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी दिसतंय, उद्या जालन्याला न्या.

फळी फोडून काढू, म्हटलं. ताईंनी कुऱ्हाड मारली. फळीला ओरखडासुद्धा नाही. मला मात्र बरगडीत कळ—

२१ एप्रिल
ताई गाडी ठरवायला गेल्यात. मी फळीजवळ बसून तिच्याशी बोलले. शालू, मला माहीत नव्हतं. तुझ्या आईसाठी केलं गं. तिला ऐकू येत नाही. तिला फक्त वरून दाबणारे हात कळतात. कुणाचे, ते नाही.

बाहेर तुळजाबाई आल्यात. हाक मारतायत. झाली का माझी शालू तयार, विचारतायत—
दार नुसतं लोटलेलं आहे. आत या म्हणायचंय. तोंड उघडलं की पाणी—
वहीवर— अक्षरं फुटतायत—

दार अजून लोटलेलंच, तरी डोक्यावर कुणीतरी ओला हात ठेवलाय. बांगड्या वाजल्या. खाली दाब—