बोडीबहाद्दराचा उजवा हात

एकोडी, रविवार

प्रिय चंद्रकुमार यास परसरामचा सप्रेम जयभीम.

तुझा गुडघा, उर्वशीवहिनींचा खोकला आणि पवनीची हवा ही तिन्ही ठीक असतील असे गृहीत धरून एक कोडे मांडतो. ते तुझ्याही नजरेस आले असेल. आपल्याकडे सलूनच्या पाटीवरचा तरुण, नाटकाच्या बॅनरवरचा नायक, शंकरपटाच्या शर्यतीच्या पत्रकावरचा गाडीवान आणि लग्नाच्या फ्लेक्सवरचा नवरदेव, सारे उजवा हात पाठीमागे का ठेवतात? (गाडीवानाचा हात मागे असेल तर बैल कोण हाकतो, हा स्वतंत्र विषय आहे.)

विज्ञानशिक्षक निवृत्त झाला तरी अंदाजावर थांबत नाही. साकोली ते मोहाडी मी त्रेचाळीस चित्रे तपासली. एकेचाळिसांत हात मागे होता. उरलेली दोन बैलांची होती. कारण उघड आहे. गावतळ्याची, म्हणजे बोडीची, राखण करत चोरांना एका हाताने लोळवणारा, तू चितारलेला बोडीबहाद्दर चित्रपुस्तिकांमधून आठवडी बाजारांतून घरोघरी गेला. पाट्या रंगवणारे त्याच्यावरून शिकले आणि फोटोवाले पाट्यांवरून. परवा स्टुडिओवाला निकेश मलाच सांगत होता, "सर, हात मांगं न्या जी, तवाच हिरो दिसान!" (मला! ज्याला समोर उभा करून तू तो बहाद्दर काढलास, त्याला!)

येत्या शुक्रवारी मोहाडीच्या चौकात बोडीबहाद्दराच्या पुतळ्याचे अनावरण माझ्या हस्ते आहे. पराक्रमी हात न मिरवणे हाच खरा विनय, असा त्या मुद्रेचा अर्थ मी तीन व्याख्यानांत सप्रमाण सिद्ध केला आहे. लोकांनी वह्यांत उतरून घेतला आहे.

मात्र संशयास जागा आहे. निकेश तुझ्या मूळ चित्रांचे प्रदर्शन मांडतो आहे म्हणे. आठवड्यात तीनदा पवनीला गेला. काल एक लांब गुंडाळी घेऊन उतरला आणि मला पाहताच ती मागे लपवली. (उजव्या हाताने. नोंद घ्यावी.) संध्याकाळी नात रुचिता विचारते, "आबाजी, बोडीबहाद्दरानं मांगं काय पकडलं हाये?" विनय, म्हणालो. ती म्हणाली, "विनयाले शिलाई लागते का जी?" आणि हसत आत पळाली. हा प्रश्न नववीतल्या मुलीला आपोआप सुचत नाही.

तुझा,
परसराम

ता. क. १ : तू बहाद्दर काढलास तेव्हा मीही नववीतच होतो. बोडीच्या बांधावरच्या बाभळीने माझी हाफपँट मागून उभी फाडली आणि मी ती मुठीत धरून तुझ्यासमोर दोन तास उभा राहिलो, हे जगात दोघांनाच ठाऊक आहे. तू गंमत म्हणून मागच्या बाजूनेही एक चित्र काढले होतेस. ते शुक्रवारच्या आत बंद पाकिटात पाठव. ते गुंडाळीत गेले असल्यास तेवढे तरी कळव, म्हणजे मला शुक्रवारी ताप येईल.

ता. क. २ : माझा सिद्धांत तूही पडताळून पाहा. आरशासमोर उभा राहा आणि उजवा हात मागे ने. छाती आपोआप पुढे येते. आता हात काढ. छाती तशीच राहिली, तर ते शौर्य. पडली, तर ती नुसती फाटकी पँट. मी काल नवी कोरी पँट घालून करून पाहिले. छाती पडली.