जेवायला पडिकात ये

प्रिय बापू,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. सकाळी तुझा दत्ता आला आणि म्हणाला, "आत्या, पेपरात बापूंचा फोटो द्यायचाय. खाली चार चांगले शब्द लिहून दे, तुझं वाचन लई हाय." बसले लिहायला. चांगला शब्द एकही येईना! मग म्हटलं, पेपरला कशाला, ज्याचं त्यालाच लिहावं. तू गेलास आणि सगळ्यांनी तुला माफ करून टाकलं. मी नाही केलं. थोरली बहीण आहे तुझी, तेवढा हक्क आहे मला.

आपली सायली, दत्ताची पोर, तुझी सख्खी नात. इकॉलॉजी शिकायला पुण्याच्या विद्यापीठात गेली, तेव्हा कर्जतच्या बाजारात पेढे कुणी वाटले? तूच ना? पुस्तकातलं काही शिकेल, साहेब होईल, असं तुला वाटलं. आणि ती अभ्यासाला आली कुठं, तर आपल्याच माळावर! खुंट्या ठोकून सुतळीचे चौकोन आखले तिनं. त्यात पवना किती, कुसळी किती, मारवेल किती, चंडोलानं घरटं कुठं केलं, सगळं बघत उन्हात बसायची. तू बांधावरून ओरडायचास, "गवत मोजायला इद्यापीठात जावं लागतं व्हय गं? आमची म्हस रोज मोजती!"

हसले होते मी तेव्हा. विनोद चांगला होता, खोटं कशाला बोलू?

पण पुढचं? ती परीक्षेला पुण्याला गेली आणि तू जेसीबी बोलावलास. ती परत येईपर्यंत माळाचं ताट झालं होतं. खुंट्या नाहीत, सुतळी नाही, घरटी नाहीत. ओढ्याकाठच्या बाभळीही आडव्या. पोरगी ढेकळांत बसून रडली, तर तू काय म्हणालास? "गवतासाठी रडतीस? डाळिंब लावू, मग बघ माळ कसा दिसतो. आता बास झालं शिक्षण. स्थळं बघू."

परीक्षेला जायच्या आधी तू बाभळी तोडायचं बोललास, तेव्हा तिनं तुझ्या हातापाया पडून सांगितलं होतं रे! "आबा, तेवढ्या तरी ठेवा. कावळ्यांची घरटी आहेत." तू म्हणालास, "मग त्यांना घरकुल मंजूर करून दे." मीही बजावलं, "बापू, दहाव्याला कावळा कुठून आणशील?" त्यावर मिशीला पीळ देऊन तू म्हणालास, "माझ्या पिंडाला रांग लागंल, अक्का. बघशील तू."

बघितलं!

तुला आठवतं? नाही आठवणार, तू तान्हा होतास. चौथीत मला शाळेतून काढलं ते तुला कडेवर घ्यायला. आई शेतात, मी तुझ्यापाशी. पुढची अक्षरं मी किराण्याच्या पुड्या उलगडून वाचली. त्याचा राग तुझ्यावर कधीच धरला नाही, तुझा काय दोष? पण सायलीची शाळा मोडलीस, तेव्हा तू तान्हा नव्हतास, बापू.

तर तुझा दहावा. आपल्या घरचे सगळे दहावे होतात तिथंच, ओढ्याकाठी. पिंड मांडले. सगळे मागं सरकून उभे. आभाळाकडं बघून बघून माना दुखल्या. दत्तानं हात जोडले, "बापू, डाळिंब लावतो." कुणी नाही. "बापू, सायलीचं लगीन थाटात करतो." कुणी नाही. भावकीतला एकजण कुजबुजला, "म्हाताऱ्याचा जीव अडकलाय कशात तरी." मला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणीही थांबेना. जीव कुठला अडकतोय? घरं पाडलेल्या कावळ्यांनी यायचं कुठून?

ऊन चढलं. शेवटी गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवू. पण माझ्याजवळ अंगठीपुरताच दर्भ आहे. इथं कुठं मिळेल?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आणि मागून सायली म्हणाली, "मिळेल. अक्काआजीच्या तुकड्यात, ओढ्याच्या वळणावर."

माझ्या तुकड्यात, बापू! बांधापलीकडचा, माझ्या वडिलोपार्जित वाट्याचा तेवढाच माळ तुझ्या जेसीबीच्या तावडीतून सुटला होता. का सुटला, हे तुला ठाऊक आहे. दर राखीला तू एका हातात साडी आणि दुसऱ्या हातात हक्कसोडीचा कागद घेऊन यायचास. "अक्का, सही कर. पडीक तर हाय, करायचंय काय तुला त्याचं?" साडी मी घेतली. सही नाही केली.

सायली अनवाणी पळत गेली आणि मूठभर दर्भ घेऊन आली. गुरुजींनी त्याचा कावळा वळला, पिंडाला टेकवला आणि तू सुटलास. कुणामुळं? गवतामुळं! ज्यासाठी पोरीला रडवलंस, त्याच गवतामुळं. आणि आणलं कुणी? तिनंच. वर त्या वेडीनं तुला हात जोडून म्हटलं, "आबा, जा आता." मी नसतं रे आणलं. बसू दिलं असतं तुला तिथंच दिवसभर, आभाळाकडं बघत.

त्या संध्याकाळी मी दत्ताला समोर बसवलं. म्हटलं, "बापाला गवतानं सोडवलं, डोळ्यांनी बघितलंस ना? आता पोरीची बॅग भर." त्यानं उठून बॅग भरली. सायलीच्या विद्यापीठातल्या मॅडमनी वर्ष वाया गेलं तरी चालेल म्हणून नवी जागा शोधायला सांगितली होती. तिची नवी जागा म्हणजे माझा तुकडा. सुतळीचे चौकोन पुन्हा आखलेत. ती पुण्याला असली की खुंट्यांवर लक्ष मी ठेवते. आणि तुझा तो ताटासारखा माळ? वळवाच्या एका पावसात माती ओढ्यात गेली, मुरूम उघडा पडला. डाळिंबाची रोपं काड्या होऊन उभी आहेत. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

आता माझा शब्द ऐक. तुला जगात एकाच गोष्टीची लाज वाटायची, आपल्या जमिनीला कुणी पडीक म्हणण्याची. तर माझा तुकडा पडीकच राहील. मी आहे तोवर त्यात नांगर जाणार नाही, आणि माझ्यामागं तो सायलीच्या नावावर होईल. मृत्युपत्रावर माझी पहिली सही त्यासाठीच असेल.

आणि उद्याचं तुझं पान ओढ्यावर ठेवणार नाही. मी शेंगोळे करणार आहे, हुलग्याचे, तुला आवडायचे तसे लसूण ठेचून. ते पान मी माझ्या माळावर, सायलीनं लावलेल्या बाभळीच्या रोपाशी, कमरेएवढ्या गवतात ठेवीन. भूक लागली तर तिथं यावं लागेल, बापू. पडिकात. आणि येताना कुसळं टोचली, तर मला हाक मारू नकोस. लहानपणी तुझ्या पायातली मीच काढायचे. आता तुझी तू काढ.

तुझी, अजून सही न केलेली,
अक्का