दुसरा मथळा

प्रिय बाबा,

शेजारच्या खोलीत तुम्ही युनिफॉर्मचा शर्ट इस्त्री करताय आणि मी भिंतीच्या अलीकडे बसून तुम्हाला पत्र लिहितेय. एका घरात राहून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणाल. पण तोंडाने सांगायला गेले की माझी दातखीळ बसते. काल दोनदा तुमच्यासमोर येऊन उभी राहिले आणि दोन्ही वेळा नुसतं पाणी पिऊन परत फिरले. उद्या अकरा वाजता तुम्हाला शाळेच्या चौकशी समितीपुढे जायचंय. बावीस वर्षं चालवलेली बस तुमच्या हातात राहणार की नाही, ते तिथे ठरणार. त्याआधी हे पत्र तुम्हाला मिळायलाच हवं.

मी अजून भानावर आलेली नाही. आमची भिंगरी बातम्यांना नावं ठेवते आणि त्याचा तिला पगारही मिळतो, असं तुम्ही ज्याला त्याला कौतुकाने सांगता. पण ते काम कसं चालतं, हे मी कधी धड सांगितलं नाही. आमच्या वेबसाइटवर एका बातमीला आम्ही दोन मथळे देतो. अर्ध्या वाचकांना पहिला दिसतो, अर्ध्यांना दुसरा. दहा मिनिटांत ज्याच्यावर जास्त बोटं पडतात तो राहतो आणि हरलेला पुसला जातो. पहिला बहुतेक सरळ असतो, दुसऱ्यात थोडा मसाला. नोकरीला लागले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की मथळा म्हणजे बसची पाटी, पाटीवर लिहिलंय तिथेच बस गेली पाहिजे. मी ते मोठ्या तोंडाने डेस्कवर सांगितलं. आमची मुख्य उपसंपादक म्हणाली, अगं, शिव्या घालायलासुद्धा माणसाला आधी बसमध्ये चढावं लागतं. सगळे हसले. मीही हसले.

गुरुवारी सकाळी वार्ताहराची बातमी आली. आदल्या दिवशी एका शाळेच्या बसमध्ये चार वर्षांची मुलगी झोपून गेली आणि पाऊण तास एकटीच आत अडकली. शाळेचं नाव नव्हतं, माणसांची नावं नव्हती. शहरात शंभर शाळा, तुमचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मी दुसरा मथळा दिला, ‘चिमुकली बसमध्ये कोंडलेली, चालक घरी चहा पीत बसला!’ त्याने दहा मिनिटांत पहिल्याचा फडशा पाडला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिवसभर माझी बातमी सगळ्यांच्या वर होती. संध्याकाळी केक कापला आणि मी नाचतच घरी आले.

तर तुमच्या संध्याकाळच्या फेरीच्या वेळी तुम्ही घरात. जेवणाच्या टेबलाशी युनिफॉर्ममध्येच बसलेले. तुम्ही फोन माझ्यासमोर सरकवलात आणि त्यावर माझं वाक्य होतं. शेवटच्या उद्गारचिन्हासकट. मी समोरच्या खुर्चीत बसले. तुम्ही हळूहळू सांगत होतात. बसमधल्या मदतनीसबाई म्हणाल्या सगळे उतरले, म्हणून बस आवारात लावून तुम्ही घरी आलात. कप तोंडाला लावलात, सवयीने उतरलेली डोकी मनात मोजलीत, एक कमी भरलं. कप तसाच टाकून पळालात आणि मुलीला कडेवर घेऊन तिच्या आईकडे पोचवलीत. शेवटच्या सीटपर्यंत मी स्वतः जायला हवं होतं, हेही मुख्याध्यापकांना तुम्ही आपणहून सांगितलंत. त्यांनी समज देऊन विषय मिटवलाही होता. मग गुरुवारी दुपारी पालक माझा मथळा घेऊन फाटकावर जमले आणि शाळेने चौकशी होईपर्यंत तुम्हाला बसवरून उतरवलं.

तुम्ही विचारलंत, हे तुमच्याकडचंच ना, कोणी लिहिलंय गं? मी म्हणाले, काय माहीत, इतके जण असतात. जीभ झडली नाही माझी. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, “लिहिणाऱ्याने खालपर्यंत वाचलं नसेल. खाली सातव्या ओळीत सगळं बरोबर आहे. माहीत असतं तर कुणी असं लिहिलं असतं का?” आणि उठून माझं पान वाढायला लागलात. मी जेवले.

शुक्रवारी मी मथळा बदलून मागितला. मुख्य उपसंपादक म्हणाली, चुकीचं काय आहे त्यात, चालक घरी चहा पीत नव्हता का? एक शब्द खोटा दाखव. मला दाखवता आला नाही. तुमच्याबद्दल इतकं वाईट मी लिहिलं आणि त्यात खोटा शब्द एकही नाही, याने मी जास्तच हादरले.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. पाकिटात आणखी एक कागद आहे. प्रत्येक मथळा कोणी लिहिला आणि किती वाजता, याची नोंद आमच्या संगणकात राहते, तिची ही प्रत. खाली मी पूर्ण नावाने सही केलीय. उद्या तो समितीपुढे ठेवा. कागद बाहेर गेला म्हणून माझी नोकरी जाईल, जाऊ दे, तुम्ही त्यासाठी तो खिशात ठेवून द्यायचा नाही. पण त्यांच्याआधी तुम्ही वाचा. दोन दिवस मी स्वतःला बजावत होते की घाई होती, वरच्या तीनच ओळी वाचल्या, तुम्ही म्हणालात तसंच झालं. त्या कागदावर माझा पहिला मथळाही आहे, दुसऱ्याच्या दोन मिनिटं आधीचा. ‘शंका येताच चालक घरून धावत परतला, बसमधली चिमुकली सुखरूप.’ बाबा, मी सगळी बातमी वाचली होती. मला माहीत होतं.

तुमचीच,
भिंगरी