पाठमोरी माई

समता कॉलोनी, रायपूर
१७ मार्च २००२

प्रिय नीलकंठ,

तू फोन करतोस, आई ‘बरी आहे’ म्हणते आणि तू फोन ठेवतोस. माझ्याशी बोलायचं तू टाळतोस. बोलला असतास तरी हे मला फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

नवं राज्य झालं तेव्हा या घरात काय आनंद होता, ते तुला ठाऊक नाही. रायपूर राजधानी झाली, जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं आणि भोपाळहून इकडे येणाऱ्या सरकारी नोकरांच्या यादीत तुझं नाव लागलं. आईनं आपल्या पाऱ्यात, सगळ्या मोहल्ल्यात, घरोघरी पेढे वाटले. बाबांची खोली झाडून तुझ्यासाठी पलंग टाकला. मग तू कळवलंस, की यादीत काहीतरी अडचण आहे, बघू. तुझ्या त्या ‘बघू’वर तिनं सहा महिने काढले, आणि नवरात्र आलं तशी म्हणाली, बोईरगढला जायचं.

बोईरगढ तू पाहिलेला नाहीस. कांकेरकडच्या जंगलात बस सोडून देते. पुढे दोन कोस पायवाट, मग डोंगरात खोदलेल्या सातशे पायऱ्या. वरच्या देवळातली माई दाराकडे पाठ करून आहे. तिचा मुलगा राजाच्या फौजेत गेला, त्याची वाट बघत ती दरीकडे तोंड करून उभी राहिली आणि तशीच दगड झाली, असं तिथला पुजारी बैगा सांगतो. लोक तिच्या पाठीलाच नमस्कार करतात. दूर गेलेलं माणूस परत मागायचं असेल तर अनवाणी चढायचं, आणि वर पोचेपर्यंत पाणी प्यायचं नाही.

आई अडुसष्ट वर्षांची, गुडघे सुजलेले. मी डोली करू म्हटलं, ऐकेना. दर दहा पायऱ्यांनी बसायची, पदरानं तोंड पुसायची, पुन्हा उठायची. अर्ध्याच्या वर गेल्यावर तर ती हात टेकून चढली, रांगत्या पोरासारखी. मी मागे रडत होते. आणि खरं सांगू, मला तुझा हेवाही वाटत होता. माझ्यासाठी कोणी असं काही केलं नाही. मी घरातच असते ना.

डिसेंबरात तू कळवलंस, की तुझं नाव रद्द झालं, आता भोपाळच. आईनं माईला दोष दिला नाही. माझ्याच मागण्यात काही चुकलं असन, म्हणाली.

जानेवारीत गोल बाजारात मला अच्युत घाटोळे भेटला. तुझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा तो; त्याला रायपूर मिळालं आणि तो मुकाट्यानं आला. आई घरी वाट बघत असेल, असं मी म्हटलं, तर फार काळजीनं त्यानं विचारलं, “आईंना भोपाळहून केव्हा आणलं?” मला काही कळेना. मग त्याच्याच तोंडून सगळं कळलं. आई लकव्यानं अंथरुणाला खिळली आहे, भोपाळला तुझ्याजवळ असते, उपचार तिथेच चालू आहेत, असा अर्ज तू केलास. डॉक्टरचा कागद जोडलास. केव्हा, म्हणून मी विचारलं. नवरात्रात, म्हणाला. म्हणजे ती पायऱ्या चढत होती त्याच आठवड्यात.

तुला यायचं नव्हतं तर तसं म्हणायचं होतंस. आम्ही दोघी रडलो असतो आणि विसरलो असतो.

घरी येऊन मी आईला सगळं सांगून टाकलं. सांगायला नको होतं. एकदा तरी तिनं तुला नावं ठेवावीत, एवढंच मला हवं होतं. ती तांदूळ निवडत होती. सूप रिकामं झाल्यावर तिनं विचारलं, “अच्युतले तू काय म्हटलं?” काहीच नाही, म्हटलं मी. “बरं केलं. कागद खोटा निघाला तं पोट्ट्याची नोकरी जाईन.”

नीलकंठ, त्या दिवसापासून आई अंथरुणातून उठलेली नाही. शेजारच्या कलावतीबाईंना तिनं सांगितलं, डावं अंग गेलं. अच्युतची बायको बघायला आली तेव्हा तोंड वाकडं करून पडून राहिली. मी दार लावून तिच्यावर ओरडले, मग तिच्या पाया पडले. तिचं एकच, तिकडचे लोक इकडे येऊन राहिले, मले कोणी चालताना पाहिलं तं?

याला दोन महिने झाले. काल डॉक्टर येऊन गेले. लकवा नाही म्हणाले, पण न चालल्यानं पाय खरोखरच वाळत चालले आहेत; आणखी महिनाभर अशीच राहिली तर पुन्हा उभी राहील याची खात्री नाही. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल, म्हणून हे पत्र. मला तुझं तोंड बघायचं नाही. तू आलास की मी शाळेत शिकवायला निघून जाईन. पण ये. माफी मागायला नको, समजावून सांगायला नको. तिच्या पलंगाशी उभा राहा आणि म्हण, की ते प्रकरण मिटलं, आता कोणी विचारत नाही, आई, तू ऊठ. खोटं असलं तरी सांग. तेवढं तुला जमतं.

तुझी ताई,
विनोदिनी