कडत्याचं गणित

अमरावती, माघ शुद्ध दशमी, शके १७८६

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्या नत्थूचा दंडवत.

शिकायला आमच्याकडे ठेवलेल्या तुमच्या दौलतने आम्हाला मान खाली घालायला लावली. परीक्षेत कापसाच्या बोजांचे गणित होते. तो आणि आमचा किसन शेजारी बसले होते. दोघांनीही दर बोजामागे दोन शेर वजा केले, गणितात तसे सांगितलेच नव्हते. एकच विचित्र चूक दोघांची कशी, म्हणून हेडमास्तरांनी त्यांना वेगवेगळे बसवून विचारले. कोणीच कबूल झाले नाही तर दोघांची नावे काटू, म्हणाले. दौलतने किसनचे पाहून लिहिल्याचे कबूल केले आणि त्याचे नाव काटले गेले. मी रागाच्या भरात त्याला अकोल्याच्या गाड्यांबरोबर लावून दिले.

वहिनींस नमस्कार. राग धरू नये.

अकोला, माघ वद्य द्वितीया

चिरंजीव नत्थूस पुंजारामाचे आशीर्वाद.

दौलत पोचला, पण जेवत नाही. अरे, शाळेच्या नादात तू बाजार विसरलास काय? ओलाव्याचा आणि पोत्याचा कडता म्हणून दोन शेर काटल्याशिवाय इथे कोणी बोजा मोजत नाही. दिवाळीत दोघांना काट्यापाशी बसवून मीच शिकवले. कोणी कोणाचे पाहिले नाही. किसन वाचावा म्हणून पोरगा खोटे बोलला. हेडमास्तरांना सांग, नाहीतर मी येतो.

किसनवर हात उगारू नकोस. तुझ्या सौभाग्यवतीस आशीर्वाद.

अमरावती, माघ वद्य दशमी

तीर्थस्वरूप दादांस दंडवत.

हेडमास्तरांनी सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाले, हे खरे असेल तर दौलतची कबुली खोटी, आणि ती खोटी आहे हे माहीत असून किसन गप्प राहिला. म्हणजे दोघांनी संगनमताने शाळेला फसवले, दोघेही बाहेर. तुम्ही येऊन लिहून दिले तर तसेच करतील. दौलतनेच गप्प राहायची शपथ घातली होती, असे किसन रडून सांगतो आणि शाळा सोडतो म्हणतो. पोराला घालवून दिले याची मला लाज वाटते. माझ्याने काही ठरवत नाही.

तुम्ही म्हणाल तसे करीन. किसनवर लोभ ठेवा.

अकोला, फाल्गुन शुद्ध द्वितीया

चिरंजीव नत्थूस आशीर्वाद.

मी निघायला बैल जुंपले होते. दौलतने येऊन जू धरले. म्हणाला, "बावा, मले लबाड म्हनू द्या. किसनले शिकू द्या." त्याची माय दारात रडत होती. मी बैल सोडले.

आता तो माझ्यासोबत काट्यावर बसतो. लोक त्याला नकलखोर म्हणतात आणि मी खाली मान घालून वजन करतो. माझा पोर निर्दोष आहे हे ठाऊक असून बापाने गप्प राहायचे, हे फार जड जाते रे. हेडमास्तरांच्या न्यायाने मीही आता पोरांच्या खोट्यात सामील झालो.

किसनला शाळा सोडू देऊ नकोस. आमच्या दौलतवरची तुमची माया आटू देऊ नका.